प्रिंटर आणि परवलीचा शब्द : एका अनावश्यक प्रश्नाची पूर्वपीठिका

दिनांक २८ फेब्रुवारी २०१२ रोजी लिनक्सच्या गाभ्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गूगल प्लस’ या व्यासपीठावर (ते २०१९ साली सर्वसामान्यांसाठी बंद झाले) एक संतप्त टिपण प्रसिद्ध केले. निमित्त अगदी क्षुल्लक होते. त्यांच्या मुलीने शाळेतून दूरध्वनी केला. शाळेतील प्रिंटर लॅपटॉपला जोडावयाचा होता आणि यंत्र व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मागत होते. यंत्रावर ‘ओपनसुसे’ ही लिनक्सची एक प्रचलित आवृत्ती होती. कालविभाग बदलणे आणि नवे बिनतारी नेटवर्क जोडणे याही कामांसाठी हाच शब्द मागितला जातो, याविषयी टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या दोषनोंदणीत त्यापूर्वी कित्येक आठवडे वाद घातला होता. टिपणाची भाषा येथे उद्धृत करण्याजोगी नाही. ती सभ्यतेची मर्यादा सोडून गेली होती हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. आशय मात्र विचारार्ह होता. मुलांना, किंवा कामानिमित्त गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्यांना, एक कागद छापण्यासाठी सगळ्या यंत्राची सर्वाधिकाराची किल्ली हातात असावी लागते, असे मानणारी सुरक्षितता ही मुळात सुरक्षितता आहे काय, असा तो प्रश्न होता.

या प्रसंगाकडे एका तापट प्रज्ञावंताचा लहरीपणा म्हणून पाहता येईल आणि पुष्कळांनी तसेच पाहिले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यात निराळाच प्रश्न दिसतो. प्रिंटर जोडू पाहणाऱ्यास परवलीचा शब्द विचारावा, हे ठरविले कोणी? केव्हा? आणि कोणास उद्देशून? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हे कोणीच कधी ठरविले नाही. तो प्रश्न एका परिस्थितीतून दुसऱ्या परिस्थितीत वारशाने आला. वारसा देणारी परिस्थिती नाहीशी झाली, तरी प्रश्न मागे राहिला.

संगणकावर परवलीचा शब्द प्रथम कोठे अवतरला याचे उत्तर बहुधा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील ‘सीटीएसएस’ या प्रणालीकडे बोट दाखवून दिले जाते. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकच महागडे यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे, प्रत्येकास ठराविक वेळ मिळावा आणि एकाच्या फायली दुसऱ्याने पाहू नयेत, एवढ्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा शब्द देण्यात आला. आता गंमत पाहा. या पहिल्यावहिल्या व्यवस्थेचा पहिला भंग झाला तो छापखान्याच्या वाटेने. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याचे चार तास मिळत आणि ते त्याच्या कामास पुरत नसत. १९६२ सालच्या वसंतात एका शुक्रवारी रात्री त्याने पंचकार्डाद्वारे एक साधी विनंती दाखल केली : अमुक फाइल छापून द्यावी. ती फाइल सर्वांच्या परवलीच्या शब्दांची होती. शनिवारी सकाळी छापील कागद ठेवण्याच्या जागेवरून त्याने ती यादी उचलली. ही हकीकत त्याने कॉर्बाटो यांना सांगितली ती सुमारे पंचवीस वर्षांनी.

शेरचा अपराध विद्यार्थ्याला शोभणारा होता. पण त्यातून दिसणारी रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मागणारा कोण आहे, याची चौकशी यंत्राने केली होती. कोणती गोष्ट छापावयास मागितली आहे आणि ती छापल्याने काय होईल, याची केली नव्हती. पुढील साठ वर्षांच्या इतिहासात ही चूक आपणांस अनेकदा भेटणार आहे.

युनिक्स ही प्रणाली बेल प्रयोगशाळेत १९६९ नंतर आकारास आली. तिच्यात अधिकारांची वाटणी फार सुटसुटीत होती. किंबहुना अतिसुटसुटीत होती. एका बाजूस सामान्य वापरकर्ते आणि दुसऱ्या बाजूस ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी. मधली पायरी नाही. रूटला कोणतीही फाइल वाचता येते, पुसता येते, कोणतेही यंत्रोपकरण चालविता येते. ही दरी ओलांडण्यासाठी डेनिस रिची यांनी एक युक्ती काढली. एखाद्या आज्ञावलीवर विशिष्ट खूण केली, म्हणजे ती चालविणाऱ्याच्या नव्हे, तर तिच्या मालकाच्या अधिकाराने चालते. या युक्तीचे अमेरिकन पेटंट १९७९ साली मंजूर झाले.

मुद्रणास या युक्तीची गरज लगेच पडली. त्या काळचा प्रिंटर म्हणजे कपाटाएवढे अवजड, खडखडाट करणारे आणि सबंध विभागास मिळून एकच असे यंत्र. प्रत्येकाने थेट त्यावर लिहू लागावे तर एकाच्या ओळी दुसऱ्याच्या ओळींत मिसळावयाच्या. तेव्हा मुद्रणाच्या विनंत्या एका रांगेत ठेवून क्रमाने पुढे पाठविणारी एक आज्ञावली पार्श्वभूमीवर सतत चालू ठेवीत. बर्कली विद्यापीठातून १९८३ साली आलेल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत या व्यवस्थेची सारी माहिती ‘प्रिंटकॅप’ नावाच्या एका फाइलीत लिहिलेली असे. प्रिंटरचे नाव, तो कोणत्या तारेने जोडला आहे, रांगेची जागा कोणती, इत्यादी. ही फाइल यंत्राच्या इतर सर्व व्यवस्थापकीय फायलींच्या शेजारी एकाच कपाटात होती आणि म्हणून तिच्यात लिहिण्याचा अधिकार केवळ रूटला होता.

आपल्या विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट कळीची आहे. नवा प्रिंटर जोडणे धोक्याचे आहे, असा विचार करून कोणी त्यावर पहारा बसविला नाही. नोंद ज्या कपाटात ठेवली त्या कपाटाला आधीच कुलूप होते, एवढेच. शिवाय ज्याने ते कुलूप उघडावयाचे तो मनुष्य त्या काळी स्पष्ट होता. तो विभागाचा व्यवस्थापक. यंत्र संस्थेचे, प्रिंटर संस्थेचा, कागदही संस्थेचाच. वापरकर्ता त्या घरातला पाहुणा. पाहुण्याने भिंतीस खिळा ठोकण्यापूर्वी यजमानास विचारावे यात अन्याय तो कोणता?

त्या काळच्या विश्वासाचे स्वरूप आणखी एका तपशिलातून दिसते. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राच्या प्रिंटरकडे काम पाठविण्याचे नियम ऑगस्ट १९९० मध्ये ‘आरएफसी ११७९’ या दस्तऐवजात लेखनिविष्ट झाले. विनंती करणाऱ्या यंत्राने ती ७२१ ते ७३१ या क्रमांकांच्या पोर्टांपैकी एकावरूनच केली पाहिजे, असे त्यात आहे. याचे कारण असे की युनिक्समध्ये १०२४ च्या खालील पोर्ट वापरण्याची मुभा रूटलाच असे. तेव्हा त्या क्रमांकावरून विनंती आली, म्हणजे पलीकडे कोणी जबाबदार व्यवस्थापक बसला आहे असे गृहीत धरावयाचे. टेबलावर स्वतःचे यंत्र घेऊन बसलेला प्रत्येक जण स्वतःच्या यंत्राचा रूट असू शकतो, ही शक्यता त्या गृहीतकात बसत नव्हती. दस्तऐवज प्रसिद्ध झाला त्या वेळी ती शक्यता वास्तवात उतरलेली होती.

वैयक्तिक संगणकाच्या आगमनाने घर आणि यजमान यांचे जुने नाते उलटेपालटे झाले. विंडोज ९५ सारख्या घरगुती प्रणालींत अधिकारांचे खरेखुरे विभाजनच नव्हते. यंत्रासमोर जो बसेल त्याने वाटेल तो प्रिंटर जोडावा. संस्थांसाठी १९९३ पासून निघालेल्या विंडोज एनटी या शाखेत मात्र ते विभाजन होते आणि तेथे प्रिंटरच्या बाबतीत पहारा बसविण्यास एक सबळ कारणही निर्माण झाले. प्रिंटरची भाषा जाणणारी आणि यंत्र व प्रिंटर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ती बहुधा प्रिंटर बनविणारी कंपनी लिहिते. १९९६ च्या एनटी ४.० या आवृत्तीत चित्ररेखाटनाचे काम जलद व्हावे म्हणून ते कार्यप्रणालीच्या गाभ्यात हलविण्यात आले आणि त्याच्याबरोबर प्रिंटरचे ड्रायव्हरही गाभ्यात गेले. परिणाम असा की, एखाद्या प्रिंटर कंपनीच्या कच्च्या हाताच्या अभियंत्याने केलेली चूक सबंध यंत्र कोलमडविण्यास पुरेशी ठरे. अशा परिस्थितीत ‘हे करण्याचा अधिकार तुम्हांस आहे काय?’ असे विचारणे सयुक्तिक होते. पुढे विंडोज २००० पासून ड्रायव्हर गाभ्याबाहेर चालविण्याची सोय झाली, म्हणजे प्रश्नाचे अर्धे कारण संपले. पण ज्या सेवेमार्फत छपाईची रांग चालते ती सेवा यंत्रावरील सर्वोच्च अधिकारानेच चालत राहिली. हे उरलेले अर्धे कारण पुढे फार महागात पडले.

जानेवारी २००७ मध्ये घरोघर पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टाने या प्रश्नास सार्वत्रिक स्वरूप दिले. पडदा अंधारून येई आणि मध्यभागी अनुमतीची चौकट उभी राही. ती इतक्या वारंवार येई की लोक न वाचताच होकार देऊ लागले आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचे प्रमाण कमी करावे लागले. ही परिणती अनपेक्षित म्हणता येत नाही. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या विख्यात निबंधात जी तत्त्वे मांडली, त्यांत दोन आपल्या विषयास तंतोतंत लागू पडतात. कोणत्याही आज्ञावलीस वा व्यक्तीस तिच्या कामापुरताच अधिकार असावा, हे एक. आणि संरक्षणाची रीत माणसाच्या मनास सहज पटेल, अंगवळणी पडेल अशी असावी, हे दुसरे. प्रिंटरपुढील परवलीचा शब्द ही दोन्ही तत्त्वे एकाच वेळी मोडतो. एका कागदासाठी तो सर्वाधिकार मागतो, आणि ज्याच्याकडून मागतो त्यास त्याचे कारण कळत नाही.

लिनक्सच्या जगात या अवस्थेस विशेष तीव्रता आली, कारण तेथे मोठ्या संस्थांसाठी घडलेली युनिक्सची रचना जशीच्या तशी एका माणसाच्या टेबलावर येऊन बसली. मायकेल स्वीट यांनी १९९७ पासून रचलेली ‘कप्स’ ही मुद्रणव्यवस्था १९९९ पासून उपलब्ध झाली. २००२ साली ती अ‍ॅपलच्या मॅकवर आली आणि २००७ साली अ‍ॅपलने तिचे हक्कच विकत घेतले. तिची व्यवस्था पाहण्यासाठी ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर ब्राउझरमध्ये उघडणारी पाने असतात. तेथे प्रिंटर जोडावयास जावे तर नाव आणि परवलीचा शब्द विचारला जातो. कोणाचे नाव? स्वतःचे, की रूटचे? यंत्र वापरणारा एकटा, यंत्राचा मालकही तोच. तरी या प्रश्नाने बुचकळ्यात पडलेली माणसे थोडीथोडकी नसतील. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाने चाहूल लागताच परवली विचारावी हे रास्त. पण येथे शिपाई धन्यालाच त्याच्या अंगणात अडवून, तू धनी की चाकर, असे विचारीत होता.

कप्सच्या कर्त्यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे नव्हे. रूटचा शब्द न देता केवळ प्रिंटरची व्यवस्था पाहण्याचा अधिकार द्यावयाचा, तर त्यासाठी वापरकर्त्यांचा एक गट नेमता येत असे. डेबियनमध्ये त्याचे नाव ‘एलपीअ‍ॅडमिन’. ही मधली पायरी होती आणि चांगली होती. तथापि तीही ‘कोण’ याच प्रश्नाभोवती फिरत होती.

खरा वैचारिक पालट घडविला तो डेव्हिड झॉयटन यांनी रेड हॅट या कंपनीत असताना विकसित केलेल्या ‘पॉलिसीकिट’ (पुढे ‘पोलकिट’) या योजनेने. तिच्यात अधिकाराचा विचार माणसावरून कृतीवर आला. प्रत्येक कृतीस स्वतंत्र नाव द्यावयाचे आणि प्रत्येक नावापुढे उत्तर लिहून ठेवावयाचे : खुशाल करू द्यावी, करू देऊ नये, कर्त्याचा स्वतःचा शब्द विचारावा, किंवा व्यवस्थापकाचा विचारावा. शिवाय मागणारा यंत्रासमोर प्रत्यक्ष बसला आहे की दुरून आला आहे, हेही त्यात पाहता येते. समोर बसलेल्या माणसास प्रिंटरची तार तशीही उपटून काढता येते. त्याच्याशी दुरून येणाऱ्या परक्याप्रमाणे वागण्यात अर्थ नाही, हे या योजनेने यंत्राच्या भाषेत मांडले. मुद्रणासाठी या योजनेचा जो पूरक भाग लिहिला गेला त्यात स्थानिक प्रिंटर जोडणे, दूरचा प्रिंटर जोडणे, नेहमीचा प्रिंटर ठरविणे, स्वतःचे काम रद्द करणे, दुसऱ्याचे काम रद्द करणे अशा कृती वेगवेगळ्या केलेल्या आहेत. नवलाची गोष्ट ही की या सर्व कृतींच्या औपचारिक नावांच्या आरंभी ‘ओपनसुसे’ हेच नाव आहे, कारण तो भाग त्याच गोतावळ्यात जन्मास आला. अर्थात ज्या आवृत्तीवर २०१२ साली टोरवाल्ड्स यांचा राग निघाला, तिच्याच अंगणात त्या रागाचे औषध तयार होते. उणीव साधनाची नव्हती. नावापुढे कोणते उत्तर लिहावयाचे या निर्णयाची होती.

हा निर्णय सोपा नव्हता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेडोरा १२’ च्या कर्त्यांनी उलट टोक गाठून पाहिले होते. यंत्रासमोर बसलेल्या कोणाही वापरकर्त्यास, अधिकृत भांडारातील स्वाक्षरीबद्ध आज्ञावल्या परवलीच्या शब्दावाचून बसविता येतील, असे त्यांनी ठरविले. त्यावर व्यवस्थापक मंडळींनी असा गदारोळ केला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. शाळा-महाविद्यालयांतील सामायिक यंत्रांची काळजी वाहणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांच्या दृष्टीने १९६१ सालची परिस्थिती अद्याप संपलेली नव्हती. वापरकर्ता तेथे खरोखर पाहुणाच होता. एकच आवृत्ती शाळेच्या प्रयोगशाळेसही द्यावयाची आणि एकट्याच्या लॅपटॉपवरही चालवावयाची, म्हणजे हा पेच येणारच.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, प्रिंटरची वाट खरोखरच धोक्याची आहे हे इतिहासाने सिद्ध केले नाही काय? केले आहे. इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रसामग्रीवर हल्ला करणारा ‘स्टक्सनेट’ २०१० साली उघडकीस आला. तो ज्या छिद्रांतून पसरत होता, त्यांपैकी एक विंडोजच्या छपाई-रांगेच्या सेवेत होते. २०२१ च्या उन्हाळ्यात याच सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेला दोष बाहेर आला. ड्रायव्हर बसविण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन सामान्य अधिकाराच्या मनुष्यास सबंध यंत्र ताब्यात घेता येत होते. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैपासून तातडीच्या दुरुस्त्या दिल्या आणि १० ऑगस्ट २०२१ पासून नियमच बदलला. सर्व्हरवरून ड्रायव्हर घेऊन प्रिंटर जोडण्यास यापुढे व्यवस्थापकाचा अधिकार लागेल, असे ठरले. ज्या कार्यालयांत वर्षानुवर्षे कोणी काही विचारले नव्हते, तेथे एका सकाळी परवलीच्या शब्दाची चौकट उभी राहिली.

हा पहारा अनावश्यक होता असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. आग लागली असता प्रथम दार बंद करावे हे योग्यच. परंतु आगीचे कारण दार उघडे असण्यात नव्हते. परक्याने लिहिलेली आज्ञावली यंत्रात आणून ती सर्वोच्च अधिकाराने चालणाऱ्या सेवेच्या हाती द्यावी लागते, ही रचना हे खरे कारण. १९९६ साली उद्भवलेला आणि २००० साली अर्धवट सुटलेला तोच प्रश्न एकवीस वर्षांनी व्याजासह परत आला होता.

आणि पहारा स्वतः किती विश्वासाचा असतो? ‘विचारावे की न विचारावे’ हे ठरविणाऱ्या पोलकिटच्याच एका साहाय्यक आज्ञावलीत २००९ पासून एक दोष दडून होता. तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यातून कोणाही स्थानिक वापरकर्त्यास परवलीचा शब्द न सांगता रूट होता येत होते. त्याहून उद्बोधक प्रकार सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने उजेडात आणला. कप्सच्या सोबतीस अनेक लिनक्स यंत्रांवर नेटवर्कवरील प्रिंटर शोधणारी एक सेवा असते. ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कोणीही येऊन ‘मी प्रिंटर आहे’ असे सांगितले, तर ही सेवा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवी, त्याच्याकडे चौकशीस जाई आणि त्याने दिलेल्या वर्णनावरून यंत्रावर नवा प्रिंटर नोंदवी. त्या वर्णनात घातक आज्ञा दडवून ठेवता येई. पुढे कोणी त्या प्रिंटरवर काही छापावयास गेला की ती चालू लागे. म्हणजे यंत्राच्या धन्याने स्वतःच्या हाताने प्रिंटर जोडावयाचा तर त्यास परवली विचारली जाण्याचा संभव होता. आणि नेटवर्कवरून आलेल्या अनोळखी पाहुण्याने जोडावयाचा तर कोणी काहीच विचारीत नव्हते. १९६२ सालच्या शुक्रवारी रात्री शेरने हेरलेली उणीव येथे जशीच्या तशी होती.

गेल्या दशकात या प्रश्नाचे मूळच उपटण्याचा जो प्रयत्न चालला आहे तो दुसऱ्या दिशेने. प्रिंटरने स्वतःची ओळख, क्षमता आणि समजणारी भाषा एका सर्वमान्य पद्धतीने सांगावी, म्हणजे परक्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. अ‍ॅपलचे ‘एअरप्रिंट’ नोव्हेंबर २०१० मध्ये आले आणि ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे खुले प्रमाणक २०१३ मध्ये निश्चित झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अन्य कंपन्यांच्या ड्रायव्हरांना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या विंडोज ११ मध्ये अशा ड्रायव्हरांस मुळीच थारा न देणारी एक मुद्रणपद्धती ऐच्छिक म्हणून दिली. कप्सच्या नव्या आवृत्त्यांत असा प्रिंटर जोडावाच लागत नाही. छपाईची आज्ञा देताच त्याची तात्पुरती रांग निर्माण होते आणि काम संपल्यावर विरून जाते. तेथे व्यवस्थापकाच्या कपाटातील कोणत्याही फाइलीत कायमची नोंद होत नाही, म्हणून कुलूप उघडण्याचा प्रसंगही येत नाही.

तरीही अनेक लिनक्स यंत्रांवर ‘ग्नोम’ या प्रचलित पटलाचे प्रिंटरविषयक पान उघडले असता माथ्यावर कुलपाची ती जुनी खूण आणि प्रिंटर जोडण्यासाठी आधी कुलूप उघडा, अशी सूचना दिसते. खाली यादीत मात्र शेजारच्या खोलीतील प्रिंटर आपण होऊन येऊन बसलेला असतो, आणि त्यावर पान छापूनही होते.